बारा व्होल्टांचा वैद्य आणि चोवीस व्होल्टांचा रोगी

मोटारीचें दुखणें ओळखण्याची विद्या कांहीं काळापूर्वीं सर्वस्वीं कानाची, नाकाची आणि हाताची होती. इंजिनाच्या आवाजांत कोठें खोट आहे हें जाणता कारागीर नुसतें ऐकून सांगत असे. धुराचा रंग पाहून वंगण जळतें आहे कीं इंधन अधिक जातें आहे, याचा तो अंदाज बांधी. ती विद्या आजहि निरुपयोगी झालेली नाहीं. परंतु आजच्या वाहनांत इंधन किती सोडावें, तें कोणत्या क्षणीं सोडावें, ब्रेक लागतांना चाक घसरूं लागलें तर काय करावें, हे निर्णय लहान लहान संगणक घेत असतात. आणि त्यांच्या अंतरंगांत काय चाललें आहे हें कानाला ऐकूं येत नाहीं. त्यांना त्यांच्याच भाषेंत विचारावें लागतें. हा प्रश्न विचारणारें आणि आलेलें उत्तर वाचून दाखविणारें जें हातांत मावणारें यंत्र, त्यास गॅरेजांतून सर्वत्र स्कॅनर म्हणतात.

अशा विचारपुशीची सोय वाहनांतच असावी, हा आग्रह प्रथम अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें धरला. तेथील हवा मोटारींच्या धुरानें दूषित झाली होती, आणि धूर वाढविणारा बिघाड पुष्कळदां चालकाच्या ध्यानींहि येत नसे. म्हणून १९८८ सालच्या नमुन्यांपासून, स्वतःचा दोष ओळखून चालकासमोर दिवा लावणारी व्यवस्था तेथें आवश्यक ठरली. पुढें १९९६ च्या नमुन्यांपासून साऱ्या अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या मोटारींना एकाच घाटाचा, सोळा टोकांचा जोड बसविणें भाग पडलें. युरोपांत पेट्रोलच्या नव्या मोटारींना अशीच सक्ति २००१ सालीं लागू झाली. भारतांत १ एप्रिल २०२० पासून जी 'भारत स्टेज ६' नांवाची धूरमर्यादा देशभर अमलांत आली, तिच्यांतहि वाहनानें आपल्या दोषांची नोंद स्वतः ठेवावी ही अट आहे. आणि ती लहान मोटारींप्रमाणेंच मालवाहू ट्रकांनाहि लागू आहे.

येथवर सर्व सरळ आहे. अडचण उभी राहते ती लहान मोटारीसाठीं घेतलेला स्कॅनर ट्रकला लावण्याची वेळ येते तेव्हां. घरगुती मोटारीची बॅटरी १२ व्होल्टांची असते. मोठ्या ट्रकांची आणि बसगाड्यांची व्यवस्था बहुधा २४ व्होल्टांची. इंजिन चालू असतां आल्टर्नेटर, म्हणजे वीज उत्पन्न करणारें यंत्र, मोटारीच्या तारांत सुमारें १४ व्होल्टांचा दाब ठेवतें, तर ट्रकच्या तारांत सुमारें २८ व्होल्टांचा. साध्या स्कॅनरला स्वतःची बॅटरी नसते. ज्या वाहनाची प्रकृति पाहावयाची त्याच्याच घरचें अन्न तो खातो. तें अन्न एकाएकीं दुप्पट वाढलें जाऊं लागलें म्हणजे या वैद्याचें काय होतें, आणि त्याला तें पचावें म्हणून त्याच्या अंतर्गत मंडलांत, म्हणजे सर्किटांत, कोणते फेरफार करावे लागतात, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम ट्रकला चोवीस व्होल्ट कां लागतात हें पाहणें इष्ट. मोठें डिझेल इंजिन फिरवून सुरू करणें हें जड काम आहे. तें करणारी जी विजेची मोटर, जिला कारागीर 'सेल्फ' म्हणतात, तिला समजा ४८०० वॅट शक्ति हवी आहे. १२ व्होल्टांवर ही शक्ति द्यावयाची तर तारांतून ४०० अँपियर प्रवाह वाहावा लागेल. २४ व्होल्टांवर तेंच काम २०० अँपियरांत होतें. तारेंत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह निम्मा झाला कीं त्याच तारेंतली उष्णता चौथाईवर येते. दोन बॅटऱ्या एकीपुढें एक जोडून दाब दुप्पट करण्यांत हें शहाणपण आहे. तांबें वांचतें आणि तार तापत नाहीं.

मात्र ट्रकच्या तारेला जो नियम लाभदायक ठरला, तोच स्कॅनरच्या आंतील कित्येक भागांना घातक ठरतो. ट्रकमधील सेल्फला ठराविक शक्ति हवी होती, म्हणून दाब वाढतांच तिचा प्रवाह घटला. स्कॅनरमधील रोधक, म्हणजे रेझिस्टर, अशी कांहीं निवड करीत नाहीं. त्याचे ओहम ठरलेले असतात. त्याच्यावरील दाब दुप्पट झाला कीं त्याच्यांतून प्रवाहहि दुप्पट जातो, आणि उष्णता चौपट होते. 'बाराचे चोवीस झाले, म्हणजे ताण दुप्पट झाला' असा सरळ हिशेब जो मांडतो, त्याची येथेंच फसगत होते.

असें संकट मोटारींच्या इतिहासांत नवें नाहीं. एके काळीं मोटारींच्या बॅटऱ्या सहा व्होल्टांच्या असत. १९५० नंतरच्या पांचसहा वर्षांत अमेरिकन मोटारी बारा व्होल्टांवर गेल्या, तेव्हां सहा व्होल्टांसाठीं बांधलेले मोटारींतले रेडिओ नव्या गाडींत जसेच्या तसे बसविणें अशक्य झालें. तेव्हांहि उपाय होता तो भागागणिक हिशेब करण्याचाच. आणि स्कॅनरच्या बाबतींतहि दुसरा मार्ग नाहीं.

स्कॅनर ज्या जोडांत बसतो त्याच्या सोळा टोकांपैकीं चार येथें महत्त्वाचीं आहेत. सोळावें टोक बॅटरीच्या धन बाजूस जोडलेलें असतें. चवथें वाहनाच्या सांगाड्यास, व पांचवें संदेशांच्या भूमीस. सातव्या टोकावर 'के' नांवाची तार येते. जुन्या आणि मध्यम वयाच्या पुष्कळ वाहनांत सारें संभाषण या एका तारेवर चालतें. अलीकडील वाहनांत तें सहाव्या आणि चौदाव्या टोकांवरील दोन तारांच्या जोडीवर चालतें. त्या पद्धतीचें नांव 'कॅन'. बॅटरीच्या दाबाशीं ज्याचा संबंध अगदीं निकटचा, तो भाग म्हणजे के तार. म्हणून तिचाच विचार विस्तारानें करावा लागतो. तत्पूर्वीं पोटाची व्यवस्था.

स्कॅनरच्या आंतील चिपा ५ व्होल्टांवर चालतात. बॅटरीचा दाब उतरवून बरोबर पांचावर आणणारा जो भाग असतो त्यास रेग्युलेटर म्हणतात. साधा रेग्युलेटर जास्तीचा दाब केवळ उष्णतेच्या रूपानें टाकून देतो. स्कॅनर ५० मिलिअँपियर प्रवाह घेतो असें धरलें, तर १४ व्होल्टांवर ९ व्होल्ट टाकावे लागतात व ०·४५ वॅट उष्णता होते. २८ व्होल्टांवर २३ व्होल्ट टाकावे लागतात व उष्णता १·१५ वॅट होते. ७८०५ या प्रसिद्ध रेग्युलेटरला उष्णता बाहेर टाकणारा पत्रा जोडलेला नसेल, तर दर वॅटमागें त्याचें अंतरंग सुमारें ६५ अंश सेंटिग्रेडनें तापतें. म्हणजे मोटारींत जें तापमान सभोवतालच्या हवेपेक्षां २९ अंशांनीं वाढत असे, तें ट्रकमध्यें ७५ अंशांनीं वाढेल. नागपूरकडच्या मे महिन्यांत ट्रकच्या केबिनमधली हवा ४५ अंशांवर असली, तर बेरीज १२० होते. आणि या भागाच्या अंतरंगाची मर्यादा १२५ धरलेली असते. याच कुळांतील लहान भाऊ ७८एल०५ तर तेथें मुळींच चालणार नाहीं, कारण त्याला सोसणारा दाबच ३० व्होल्टांपर्यंतचा आहे. २८ व्होल्टांच्या वाहनांत दोन व्होल्टांची उसंत ही उसंत नव्हे.

यावर उपाय म्हणजे दाब उष्णतेंत न दवडतां, वीज अतिशय जलद उघडझाप करून हवी तेवढीच आंत घेणारा रेग्युलेटर वापरणें. त्यास स्विचिंग रेग्युलेटर म्हणतात. दाब वाढला कीं तो बॅटरीकडून प्रवाहच कमी घेतो; ट्रकच्या सेल्फला जो लाभ मिळाला तोच येथें स्कॅनरला मिळतो. मात्र असा रेग्युलेटर निवडतांना तो किती व्होल्ट सोसतो हें पाहावें लागतें, आणि तें उत्तर केवळ २८ या आंकड्यावरून मिळत नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

आतां के तार. छतास एका कमानीनें टांगलेल्या दोरीची कल्पना करावी. कोणी हात लावला नाहीं तर कमान दोरीस वर खेचून धरते. बोलणारा दोरी खालीं ओढतो व सोडतो. ऐकणारा तिच्या खालींवर होण्यावरून अक्षरें ओळखतो. के तारेंत कमानीचें काम एक रोधक करतो. तो तारेला बॅटरीच्या दाबाकडे वर धरून ठेवतो. दोरी खालीं ओढण्याचें काम ट्रान्झिस्टर करतो. असा एक ट्रान्झिस्टर स्कॅनरमध्यें असतो आणि दुसरा वाहनाच्या संगणकांत. संभाषणाचा वेग सेकंदास १०,४०० खुणांचा असल्यामुळें प्रत्येक खुणेच्या वांट्यास सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकीं फक्त ९६ येतात.

१२ व्होल्टांच्या स्कॅनरमध्यें हा रोधक ५१० ओहमचा असतो. १४ व्होल्टांवर तार खालीं ओढली कीं त्याच्यांतून सुमारें २७ मिलिअँपियर जातात, आणि त्यांत ०·३८ वॅट उष्णता होते. अर्ध्या वॅटचा रोधक तेथें पुरतो. तोच रोधक ट्रकला लावला तर प्रवाह सुमारें ५५ मिलिअँपियर आणि उष्णता १·५४ वॅट होईल. अर्ध्या वॅटचा रोधक थोड्याच वेळांत काळा पडेल, आणि मग त्याचे ओहम किती राहतील याचा भरंवसा नाहीं.

पण रोधक जळणें ही या प्रकारांतली लहान हानि आहे. दोरी खालीं ओढणारा ट्रान्झिस्टर वाहनाच्या संगणकांतहि असतो, हें विसरून चालणार नाहीं. उत्तर देतांना तो ट्रान्झिस्टर स्कॅनरच्या रोधकांतून येणारा सर्व प्रवाह सोसतो. स्कॅनरनें ५१० ओहमचा रोधक ठेवला तर ट्रकच्या संगणकावर त्याच्या अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट भार पडतो. स्कॅनर बदलतां येतो. ट्रकचा संगणक महाग, आणि तो येईपर्यंत गाडी उभी. ज्याची प्रकृति पाहावयास वैद्य आला त्यालाच त्यानें दुखापत करावी, असा हा प्रकार होय.

आंतरराष्ट्रीय मानकांनीं याची तजवीज केलेली आहे. १९९४ सालचें आयएसओ ९१४१-२ हें मानक केवळ १२ व्होल्टांच्या वाहनांसाठीं आहे. परंतु त्यावरून पुढें तयार झालेल्या आयएसओ १४२३० या मानकांत २४ व्होल्टांचाहि समावेश आहे, आणि तेथें स्कॅनरचा रोधक १००० ओहमचा सांगितला आहे. मग २८ व्होल्टांवर प्रवाह २८ मिलिअँपियर होतो, म्हणजे मोटारींत होता जवळजवळ तेवढाच. उष्णता मात्र ०·७८ वॅट राहते. प्रवाह पूर्ववत् झाला तरी दाब दुप्पट आहेच. म्हणून रोधकाचे ओहम बदलून भागत नाहीं, तो देहानेंहि मोठा, निदान दोन वॅटचा, घ्यावा लागतो.

हाच १००० ओहमचा रोधक मग मोटारीसाठींहि कायम ठेवावा, असें कोणी म्हणेल. तसें केलें तर १२ व्होल्टांवर कमान दुबळी होते. खालीं ओढलेली तार सोडल्यावर वर येण्यास वेळ लावते, आणि लांब तारांच्या गाडींत अक्षरें एकमेकांत मिसळूं लागतात. म्हणून दोन्ही ठिकाणीं वापरावयाच्या स्कॅनरांत दोन्ही रोधक ठेवून, बॅटरीचा दाब पाहून त्यांतला एक निवडणारी योजना करावी. निवड १८ व्होल्टांच्या रेषेवर करणें सोयीचें. पण ती स्कॅनर लावतांच, इंजिन बंद असतां, एकदांच करून पक्की करावी. कारण इंजिन सुरू होतांना ट्रकच्या बॅटरीचा दाब क्षणभर बराच खालीं येतो, आणि त्या क्षणीं स्कॅनरनें 'ही मोटार आहे' अशी समजूत करून घेतली तर पुढच्या क्षणीं चुकीचा रोधक २८ व्होल्टांखालीं सांपडेल.

ओढण्याची गोष्ट झाली, आतां ऐकण्याची. तार खालीं आहे कीं वर, हें कोणत्या मापानें ठरवावयाचें? मानक त्याचें उत्तर व्होल्टांत न देतां शेंकड्यांत देतें. बोलणाऱ्यानें 'शून्य' म्हणतांना तार बॅटरीच्या दाबाच्या शेंकडा २० च्या खालीं आणावी, 'एक' म्हणतांना ८० च्या वर जाऊं द्यावी. ऐकणाऱ्यानें शेंकडा ३० च्या खालचें सर्व शून्य मानावें, ७० च्या वरचें सर्व एक मानावें. मधला जो दहा टक्क्यांचा फरक, तो तारेंतील गोंगाट आणि वाटेंतली गळती यांच्यासाठीं राखून ठेवलेला आहे.

कित्येक साध्या स्कॅनरांत ही सीमारेषा शेंकड्यांवर नसून एका ठराविक दाबावर, उदाहरणार्थ ७ व्होल्टांवर, बांधलेली असते. १४ व्होल्टांच्या मोटारींत ७ म्हणजे बरोबर मध्य. तेथें कांहीं बिघडत नाहीं. २८ व्होल्टांच्या ट्रकमध्यें शून्याची खूण ५·६ व्होल्टांपर्यंत असूं शकते, आणि ८·४ व्होल्टांपर्यंत ती शून्य म्हणूनच ऐकली गेली पाहिजे. मानकानें गोंगाटासाठीं दिलेली जागा २·८ व्होल्टांची. ७ व्होल्टांवर अडकलेल्या स्कॅनरला त्यांतली फक्त १·४ व्होल्टांची उरते. असा स्कॅनर पूर्णपणें मुका राहिला असता तर बरें होतें. तो बहुतेक वेळ ऐकतो आणि मधूनच चुकतो.

या मधूनच चुकण्यानें मोठा घोटाळा होतो. प्रत्येक संदेशाच्या शेवटीं एक पडताळ्याचा अंक असतो. एक खूण चुकली तरी बेरीज जुळत नाहीं आणि स्कॅनर तो संदेश टाकून देतो. पडद्यावर 'संपर्क नाहीं' एवढेंच दिसतें. आंकडा खोटा दिसत नाहीं हें खरें. पण कारागीर त्यावरून काय समजतो? ट्रकचा संगणक बोलत नाहीं, अर्थात् तो निकामी झाला असला पाहिजे. मग चांगला संगणक काढून नवा बसविला जातो, आणि ज्याचा संसार एका ट्रकवर चालतो अशा मालकाच्या माथीं तें बिल बसतें. दोष वास्तविक स्कॅनरच्या कानाचा होता.

येथें उपाय असा कीं सीमारेषा बॅटरीच्या दाबावरूनच काढावी. दोन समान रोधकांनीं बॅटरीचा दाब निम्मा करून त्याच्याशीं के तारेची तुलना केली, तर बॅटरी १२ ची असो वा २४ ची, रेषा आपोआप मध्यावर राहते. हेंच काम करणाऱ्या तयार चिपाहि मिळतात. एल९६३७ ही त्यांतली एक; ती ४·५ पासून ३६ व्होल्टांपर्यंतच्या बॅटरीवर काम करते आणि ऐकण्याची रेषा बॅटरीच्या प्रमाणांत ठेवते.

बहुतेक स्कॅनर बॅटरीचा दाबहि मोजून दाखवितात, आणि या मोजणींत एक वेगळाच सापळा आहे. स्कॅनरची चिप ५ व्होल्टांहून अधिक मोजूं शकत नाहीं, म्हणून ४७ हजार आणि १० हजार ओहमांचे दोन रोधक जोडून बॅटरीच्या दाबाचा एक ठराविक अंशच तिला दिला जातो. या जोडीनें अधिकांत अधिक २८·५ व्होल्ट मोजतां येतात. मोटारीला हें भरपूर झालें. ट्रकला मात्र निरोगी स्थितींतच २८ असतात. आल्टर्नेटर बिघडून दाब ३१ वर गेला, बॅटरींतलें पाणी उकळूं लागलें, तरी स्कॅनर २८·५ च सांगत राहील. ज्या दुखण्यासाठीं त्याला बोलाविलें, नेमकें तेंच त्याला दिसणार नाहीं. ४७ हजारांच्या जागीं ७५ हजारांचा रोधक घातला कीं मर्यादा ४२·५ व्होल्टांपर्यंत जाते. पण मग आंत साठविलेला गुणकहि ५·७ वरून ८·५ करावा लागतो. तें राहून गेलें तर २८ व्होल्टांची ठणठणीत बॅटरी १८·८ व्होल्टांची दिसेल, आणि दुसऱ्या दिवशीं ती विनाकारण बदलली जाईल.

आतां पुढें येईल म्हणून राखून ठेवलेली गोष्ट. वाहनांतील दाब शांत पाण्यासारखा नसतो. आल्टर्नेटर जोरानें बॅटरी भरीत असतां बॅटरीची ढिली तार एकाएकीं निखळली, तर निर्माण होणाऱ्या विजेला जाण्यास जागा उरत नाहीं आणि दाब उसळतो. त्यास 'लोड डंप' म्हणतात. अशा उसळीच्या परीक्षेचें प्रमाण आयएसओ १६७५०-२ या मानकांत दिलें आहे. संरक्षण नसलेल्या १२ व्होल्टांच्या व्यवस्थेंत ही उसळी ७९ ते १०१ व्होल्टांपर्यंत धरलेली आहे, तर २४ व्होल्टांच्या व्यवस्थेंत १५१ ते २०२ व्होल्टांपर्यंत. आणि ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वेळहि टिकूं शकते. पुण्यांतील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत वाहनांच्या भागांच्या परीक्षा होत असतात. बाजारांत विकावयाचें उपकरण अशा प्रयोगशाळेच्या परीक्षेंतून गेल्यावांचून त्याची सहनशक्ति गृहीत धरूं नये.

उसळी अडविण्यासाठीं स्कॅनरच्या दाराशीं एक विशेष डायोड ठेवतात. ठराविक दाबापर्यंत तो स्वस्थ असतो. त्यापलीकडे वाट मोकळी करून वीज स्वतःच्या अंगावर घेतो. मोटारीच्या स्कॅनरमध्यें १८ व्होल्टांपर्यंत स्वस्थ राहणारा डायोड पुष्कळदां असतो. तो २० ते २२ व्होल्टांच्या दरम्यान जागा होतो. ट्रकला जोडतांच त्याच्या दृष्टीनें उसळी आलेलीच असते, आणि ती कधीं ओसरत नाहीं. पहारेकरीच प्रथम जळतो. त्याच्या जागीं ३३ व्होल्टांपर्यंत स्वस्थ राहणारा डायोड घ्यावा. पण तो जागा होतो सुमारें ३७ ते ४१ व्होल्टांवर, आणि जोराच्या उसळींत त्याच्यापलीकडे ५३ व्होल्टांपर्यंत दाब आंत जाऊं देतो. येथें पहारेकरी व घरधनी यांचा मेळ घालावा लागतो. २एन३९०४ हा सर्वत्र आढळणारा ट्रान्झिस्टर ४० व्होल्टच सोसतो, तो येथें अपुरा. स्विचिंग रेग्युलेटरहि ४० चा न घेतां एलएम२५७६ च्या ६० व्होल्ट सोसणाऱ्या प्रकारासारखा घ्यावा. वर सांगितलेल्या एल९६३७ चिपेच्या वाटेंत एक लहान रोधक आणि ३३ व्होल्टांचा झेनर डायोड ठेवून तिला निराळें कुंपण द्यावें. शिवाय पूर्ण लोड डंपची शक्ति लहान डायोडच्या आटोक्याबाहेरची असते. म्हणून मोठा डायोड आणि त्याच्याहि अगोदर फ्यूज, असा क्रम असावा.

'परंतु एका कारागिराच्या मोटारीचा स्कॅनर ट्रकवर चालला तर होता' असें ऐकिवांत येतें. त्यांत तथ्यांश आहे. याच मानकाप्रमाणें १२ व्होल्टांच्या उपकरणानें २४ व्होल्ट एक मिनिटभर सोसले पाहिजेत, कारण थंड पडलेली मोटार ट्रकच्या बॅटरीवरून सुरू करण्याचा प्रसंग येतो. एक मिनिट तग धरणें आणि तासभर काम करणें यांत मोठें अंतर आहे. मिनिटभरानें रोधक तापलेला असतो, जळलेला नसतो.

कॅन पद्धतीच्या वाहनांत यांतला पुष्कळ त्रास वांचतो. तिच्यांतील दोन तारा विश्रांतींत सुमारें २·५ व्होल्टांवर असतात. बोलतांना एक ३·५ वर चढते, दुसरी १·५ वर उतरते. बॅटरी किती व्होल्टांची आहे याचा या बोलण्याशीं संबंध नाहीं. तरीहि घासलेली तार बॅटरीच्या तारेस चिकटली तर काय, हा प्रश्न राहतो. म्हणूनच पीसीए८२सी२५० ही चिप तारांवर १८ व्होल्टांपर्यंत सोसते, आणि तिचें २४ व्होल्टांच्या वाहनांसाठीं केलेलें भावंड पीसीए८२सी२५१ हें ३६ व्होल्टांपर्यंत सोसतें. बोलणें तेंच, फरक सहनशक्तीचा.

जोडाच्या घाटांतहि मानक करणाऱ्यांनीं एक शहाणपण साठविलें आहे. सोळा टोकांच्या जोडाचे दोन प्रकार आहेत: १२ व्होल्टांचा 'ए' आणि २४ व्होल्टांचा 'बी'. टोकांच्या दोन ओळींमधली खांचण 'बी' प्रकारांत मध्यें तोडलेली असते, त्यामुळें मोटारीच्या स्कॅनरचें टोक ट्रकच्या जोडांत शिरत नाहीं. तें शिरावें म्हणून कानसीनें घासून घेण्याचा मोह होतो. ती अडचण हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. आंतील मंडल बदलल्याखेरीज बाहेरचें प्लॅस्टिक घासणें म्हणजे दारावरची पाटी पुसून आंत शिरण्यासारखें आहे. मोठ्या ट्रकांत तर पुष्कळदां नऊ टोकांचा वाटोळा जोड असतो व जे१९३९ नांवाची निराळी भाषा चालते. दाबाचा प्रश्न सोडविल्यानें भाषेचा प्रश्न सुटत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवणें बरें.

फेरफार केलेला स्कॅनर एकदम ट्रकला लावूं नये. प्रवाहाची मर्यादा ठरवितां येणाऱ्या मेजावरच्या वीजपुरवठ्यावर त्याला १० व्होल्टांपासून हळूहळू ३२ व्होल्टांपर्यंत न्यावें, व प्रत्येक पायरीवर ५ व्होल्ट स्थिर आहेत कीं नाहीं तें पाहावें. मग के तार सतत खालीं ओढलेली ठेवून अर्धा तास रोधकाचें तापमान पाहावें. ऑसिलोस्कोपवर तारेची खालींवर होण्याची आकृति दोन्ही दाबांवर तपासावी. दाखविलेला दाब चांगल्या मीटरशीं ताडून पाहावा. त्यानंतर प्रथम ओळखीच्या मोटारीवर, मग ट्रकवर, असा क्रम ठेवावा. आणि स्कॅनरच्या पाठीवर तो किती व्होल्टांपर्यंत चालतो हें ठळक लिहावें, कारण तो उद्यां दुसऱ्याच कोणाच्या हातांत असेल.

एवढा खटाटोप एका लहानशा पेटीसाठीं कशाला, असें शहरांतील गृहस्थास वाटेल. पण पहांटे दारांत येणारें दूध, मंडईंतली भाजी आणि औषधांच्या दुकानांतला माल यांतील बराच भाग रात्रीं अशाच चोवीस व्होल्टांच्या गाड्यांतून आलेला असतो. घाटांत एखादी गाडी दिवा लावून उभी राहिली, तर तिला खरोखर काय झालें आहे हें सांगणारें यंत्र कारागिराजवळ असावें लागतें. तें यंत्र २८ व्होल्टांवर केवळ जिवंत राहिलें एवढ्यानें भागत नाहीं. १४ व्होल्टांवर तें जितकें खरें सांगत होतें, तितकेंच खरें त्यानें तेथेंहि सांगितलें पाहिजे, आणि सांगतांना गाडीच्या संगणकास धक्का लागतां कामा नये.